टिंबवाल्या अक्षरांची जागा

यशोधनला झटका आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर एका प्रेस मशीनचं पुस्तक उघडं होतं. हॉस्पिटलातून आम्ही परत आलो तेव्हा माणूस अर्धा झाला होता, आणि पुस्तक होतं तसंच.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं असंही नाही, एक शब्द राहिला. ‘झालं.’ चहा हवा का? झालं. बाथरूमला जायचंय? झालं. कुठे दुखतंय का? झालं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द जिभेवर अडकून बसतो. त्यांच्या मान हलवण्यावरही भरवसा ठेवू नका, हो आणि नाही यांचीसुद्धा अदलाबदल होते. मी म्हटलं, “अडकायचाच होता, तर निदान माझं नाव तरी अडकायचं.” डॉक्टर हसले नाहीत. ते अजून तरुण आहेत.

यशोधन जर्मन मशीनं बसवणारा माणूस. नवलाख उंबरेजवळच्या कंपनीतली नोकरी सोडल्यावर तो तळेगावात घरीच बसून त्या मशीनांची मराठी पुस्तकं करायचा. मशीन जर्मनीहून येतं, त्याच्या पडद्यावर शब्दही जर्मनच उमटतात, आणि ते चालवणारी पोरं आपली मावळातली. त्यांना जर्मन येत नाही, यायचं काही कारणही नाही. म्हणून पुस्तकाची सोय अशी की, पडद्यावर जो शब्द आला तो मागच्या इंडेक्समध्ये शोधायचा. समोर पानाचा आकडा असतो. ते पान काढलं की काय बिघडलंय, काय करायचं आणि काय मेलं तरी करायचं नाही, ते सगळं मराठीत. म्हणजे या पुस्तकात शिरायचं ते मागच्या दारानं.

मी बारावी. टायपिंग शिकले, मग डीटीपी. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, देवीच्या उत्सवाची पत्रकं असं करत, चुकत, शिव्या खात शिकले. यशोधनची मराठी पानं मीच लावायची. पण जर्मन इंडेक्स त्याचा. त्याला मी हात लावलेला यशोधनला खपायचा नाही. स्वयंपाकघरात पाहुण्या बाईनं मिसळणाचा डबा लावून ठेवला तर मला जसं होतं, तसंच त्याचं.

घरी आणल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. फिजिओची मुलगी, पिंकी, यायची, हात-पाय हलवून जायची. तो तिला आपले हात-पाय उसने दिल्यासारखे देऊन टाकायचा. बोलण्याचे धडे द्यायला लोणावळ्याहून एक बाई यायच्या, त्यांच्याकडे तो बघायचासुद्धा नाही. “सुधारायचे पहिले काही महिनेच खरे,” त्या जाताना दारात मला म्हणायच्या. “त्यांना स्वतःहून काहीतरी करावंसं वाटायला हवं.”

मग एका सकाळी टेबलावरचा लॅपटॉप माझ्याकडून उघडा राहिला. यशोधननं मान वळवली. डावा हात कॉटवर टेकून उठायचा प्रयत्न केला, पडला, पुन्हा केला. भांडी घासायला येणाऱ्या सरूबाईनं त्याला खांद्याचा आधार दिला. टेबलाशी बसून त्यानं डाव्या बोटानं पानं खालीवर सरकवली, दमेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी सरूबाई दारातूनच ओरडत आली, “चला सायेब, हापिस उघडलं!” आणि तो तिच्याआधी उठून बसलेला.

दिवसभरात एवढी एकच गोष्ट तो आपणहून करायचा. माझा सगळा जीव त्या फाईलला टांगलेला होता. ती घरात आहे तोवर हा माणूस सकाळी उठेल. ती गेली की पुन्हा भिंत.

आणि ती न्यायला प्रदीप टपलेला होता. टपलेला म्हणणं पाप आहे, चांगला मुलगा आहे. यशोधनच्या हाताखाली शिकलेला, आता कंपनीत मोठा साहेब. त्याचा फोन आला.

“वहिनी, सर कसे आहेत?”

“बरे आहेत. बोलायला जरा जड जातं.”

‘जरा.’ देवानं माझी जीभ शाबूत ठेवली, ती यासाठी.

“इंडेक्सच तेवढा राहिलाय ना? मशीन चालू झालंय हो वहिनी, पोरं पुस्तकाशिवाय चालवतायत. सरांना त्रास होत असेल तर मी पुण्यातल्या एका एजन्सीकडे देतो.”

“त्रास कसला? रोज सकाळी बसतात.”

हे मात्र अक्षरशः खरं होतं.

“मग महिनाअखेरपर्यंत थांबतो. त्यापुढे मलाही वर उत्तर द्यावं लागतं.”

फोन ठेवला आणि त्या दुपारी, यशोधन झोपल्यावर, मी त्याच्या इंडेक्सला हात लावला.

शब्द सगळे टिपलेले होते. ते एबीसीडीप्रमाणे लावायला एक प्रोग्रॅम असतो. मी तो चालवला. सगळं सुतासारखं लागलं, फक्त टिंबवाली अक्षरं सोडून. जर्मन भाषेत ए, ओ आणि यू यांच्या डोक्यावर कधीकधी दोन टिंबं असतात. प्रोग्रॅमला ती ओळखू येईनात. टिंबवाल्या ओ-नं सुरू होणारे सगळे तेलाचे शब्द त्यानं झेडच्याही मागे नेऊन टाकले, वऱ्हाडाची बस सुटल्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसारखे. शब्दाच्या पोटात टिंब असेल तर तो शब्द आपल्या गटाच्या तळाशी.

इंटरनेटवर शोधलं. तिथे कळलं की खुद्द जर्मन लोकांच्याच दोन पद्धती आहेत. एकीत टिंबं नाहीतच असं समजायचं. दुसरीत टिंबाच्या जागी एक ई आहे असं धरायचं. प्रोग्रॅममध्ये दोन्हींसाठी दाबायची एकेक खिटी होती. यातली आपली कुठली?

सकाळी मी दोन्ही प्रकारे पानं छापून यशोधनसमोर धरली. “ही का?” “झालं.” “की ही?” “झालं.” “अरे, दोन्ही कशी होतील?” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, होकाराची आणि नकाराची मिळून.

मग मी माझी अक्कल चालवली. कुठल्याही मराठी शब्दकोशात आधी सगळा ‘क’ संपतो, मग ‘का’ येतो, मग ‘कि’. काना, वेलांटी, मात्रा ज्याच्या डोक्यावर किंवा बाजूला बसली त्याचं वेगळं घर. मग टिंबं म्हणजे दुसरं काय? आधी साध्या यू-चे सगळे शब्द, ते संपले की टिंबवाल्या यू-चे. बाराखडीसारखं. पहिलीतल्या पोरालाही पटेल. जर्मनांनी दोन पद्धती करून उगाच घोळ घातलाय असं माझं ठाम मत झालं.

अशी खिटी प्रोग्रॅममध्ये नव्हती, म्हणून मी हातानं लावायला बसले. रोज दुपारी थोडं थोडं. एक शब्द उचलायचा, त्याच्या घरी नेऊन ठेवायचा. सरूबाई भांडी घासता घासता विचारायची, “ताई, आज कुटवर आलं?”

“के.”

“कालबी के च व्हता की!”

“के मोठा आहे सरूबाई. खानदान आहे त्याचं.”

सकाळी यशोधन बसायचा तेव्हा माझं कालचं काम त्याच्यासमोर असायचं. के-च्या पानावर तो थांबायला लागला. डावं बोट पडद्यावर आपटायचा. “झालं. झालं!” आवाज वाढायचा. मी मागून त्याच्या केसांतून हात फिरवायचे. “हो रे, झालं. छान झालंय ना?” तो आणखी जोरात, “झालं!” सरूबाई म्हणायची, “सायेब खूस हायेत आज.” आम्ही दोघी हसायचो.

महिना संपत आला तेव्हा सगळा इंडेक्स लागला होता. मला फार आनंद व्हायला हवा होता. पण एक गोष्ट राहिली होती. यशोधन कुठलंही पुस्तक आदिनाथला दाखवल्याशिवाय पाठवायचा नाही. आदिनाथ हा कंपनीतला जुना ऑपरेटर. शिफ्ट सुटताना गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर यशोधन त्याला गाठायचा, एक जर्मन शब्द दाखवायचा, हातात पुस्तक द्यायचा आणि म्हणायचा, “शोध.” त्याचं बोट सरळ शब्दावर गेलं तर चहाचे पैसे आदिनाथचे. अडखळलं तर यशोधनचे, आणि पुस्तक परत घरी.

म्हणून सरूबाईला यशोधनजवळ बसवून मी छापील पानं पिशवीत घातली आणि टमटमनं नवलाख उंबऱ्याला गेले.

टपरीवर आदिनाथ होता. त्याच्याबरोबर जानू नावाचा एक पोरगेला ऑपरेटर होता, त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. मी ओळख सांगितल्यावर आदिनाथ चहाचा ग्लास ठेवून उभाच राहिला.

“सायबांच्या मिसेस का? बसा, बसा ताई. ए, ताईंना चहा दे, आलं घालून. सायेब कसं हायेत? आमी येणार व्हतो, पण म्हनलं उगा गर्दी कशाला.”

“बरे आहेत,” मी म्हटलं. “पुस्तक दिलंय त्यांनी. तुम्हाला दाखवायला.”

“द्या की!” त्यानं हात शर्टाला पुसले. “कंचा शब्द?”

मी काही बोलायच्या आत जानूनं मोबाईल पुढे केला. “ह्यो घ्या. ह्योच आलता त्या दिवशी.” मशीनच्या पडद्याचा फोटो होता. तांबडा चौकोन, त्यात एक शब्द. के, मग टिंबवाला यू, मग एच. क्यूलुंग. मला एवढ्या दिवसांत माहीत झाला होता. तेल फिरवून मशीन थंड ठेवायची सोय.

आदिनाथनं बोट लावलं. “के... के यू... आता यच.” बोट खाली गेलं, थांबलं. “के यू जी. त्याच्या खाली एकदम के यू पी. मधी काय न्हाई.” परत वर गेला. ओठ हलत होते. परत खाली. “ताई, ह्यात ह्यो शब्दच न्हाई.”

“आहे ना,” मी म्हटलं. “पान उलटा. आधी सगळे साधे यू. ते संपले की टिंबवाले. हे बघा, इथे.”

त्यानं पाहिलं. शब्दाकडे, मग माझ्याकडे.

“हितं व्हय?”

“टिंबं आहेत ना त्याच्यावर. म्हणून.”

“असतील टिंबं. आमी काय बगत न्हाई त्येंच्याकडं. काचेवर तेल उडतं, त्येचीबी टिंबंच पडत्यात.” तो हसला, पण जानू हसला नाही.

“मशीन बोंबलतंय, फोरमन बोंबलतोय,” जानू म्हणाला, “त्यात कोन पान उलटून बगंल? मी म्हनलं, बगू काय झालंय त्ये, आनि झाकान उघाडलं. तेल गरम व्हतं.” त्यानं पट्टीचा हात थोडा उचलला. “पुस्तक आसतं तर म्हाईत पडलं आसतं, न्हाई का? उघडू नको म्हनून.”

“लिहिलंय,” मी म्हटलं. “उघडू नका म्हणून लिहिलंय. मीच टाईप केलंय ते पान.”

आदिनाथनं पानं नीट जुळवली, कडा ठोकल्या आणि माझ्या पिशवीत ठेवली.

“ताई, राग मानू नगा. ह्ये सायबांनी न्हाई केलं.”

मी म्हटलं, “साहेबांना बोलता येत नाही, आदिनाथ. एकच शब्द येतो. लिहिता येत नाही. ऐकलेलं किती कळतं तेही मला माहीत नाही.” इतक्या दिवसांत पहिल्यांदा हे मी कुणाला तरी सांगितलं, आणि तेही चहाच्या टपरीवर, पंचवीस माणसांत.

चहाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत.

टमटममध्ये मी मागे बसले होते, शेजारी कोथिंबिरीच्या जुड्यांचं पोतं. एमआयडीसीचा रस्ता सरळ असतो, विचार करायला नको तितका सरळ. के-चं पान. यशोधनचं बोट रोज त्याच पानावर आपटत होतं. ज्याला इंडेक्समध्ये एक शब्द इकडचा तिकडे झालेला खपायचा नाही, तो रोज सकाळी जिवाच्या आकांतानं मला सांगत होता, आणि मी त्याच्या केसांतून हात फिरवत होते. छान झालंय ना! किंवा तसं काहीच नसेल. त्याचं बोट नुसतंच पडत असेल आणि मीच आता त्यात अर्थ भरत असेन. यातलं खरं काय ते मला कोण सांगणार होतं? ज्याला माहीत होतं त्याच्याकडे एकच शब्द होता.

घरी आले. तो झोपला होता. लॅपटॉप उघडला. माझं हातानं लावलेलं सगळं बाजूला टाकलं आणि प्रोग्रॅममधली पहिली खिटी दाबली. टिंबं नाहीतच असं समजणारी, आदिनाथसारखी. मी पदर खोचेपर्यंत इंडेक्स लागून तयार. के यू जी, त्याच्याखाली क्यूलुंग, मग के यू पी. इतके दिवस मी ज्याच्यासाठी मान मोडून बसले होते, ते.

आणि मग ध्यानात आलं, की आता काम संपलं. चुकलं असतं तर प्रदीपनं फाईल नेली असती. बरोबर आलंय तर मलाच पाठवायला हवी. कुठूनही गेले तरी फाईल नसलेली ती सकाळ येणारच होती. ती खिटी पहिल्या दिवसापासून तिथे होती. दोनच तर होत्या. दोन्ही दाबून आदिनाथला दाखवायला मला अर्धा दिवस पुरला असता. मी बाराखडी धरून बसले ती खरंच पटली म्हणून, की हातानं लावलं तर संपायला वेळ लागतो म्हणून? मी मनाला विचारलं. तेही जर्मनांसारखंच निघालं, दोन उत्तरं घेऊन बसलं.

अजूनही ठेवून घेता आली असती. प्रदीपला आणखी चार दिवस म्हटलं असतं, तर त्यानं दिले असते. पण डोळ्यांपुढून जानूचा हात जाईना.

यशोधन उठल्यावर मी त्याला टेबलाशी बसवला. सरूबाई जायला निघाली होती, तिला थांबवून घेतलं, का ते मला सांगता आलं नाही.

“यशोधन, ऐक. कळत असेल तर ऐक, नसेल तरी ऐक. मी के चुकवला होता. आता बरोबर केलाय. बघ.” त्याला के-चं पान दाखवलं. त्याचं बोट पडद्यावर आलं, खाली सरकलं, क्यूलुंगपाशी थांबलं. आपटलं नाही. नुसतं थांबलं. “एका पोराचा हात भाजलाय रे. हे मी आता पाठवतेय. उद्या सकाळी इथे काही नसेल. तुला बसायला मी दुसरं काहीतरी देईन, पण हे नसेल. मला माफ कर, आणि प्लीज, भिंतीकडे तोंड करू नकोस.”

सरूबाई पदरात नाक पुसत म्हणाली, “ताई, आसं शाप दिल्यावानी नका बोलू.”

मी फाईल पाठवली. खाली प्रदीपला लिहिलं: ‘इंडेक्स मी लावलाय. आदिनाथला एकदा दाखवा. यशोधनला बोलता येत नाही, हे मी तुमच्यापासून लपवलं.’ तेही पाठवलं.

यशोधन पडद्याकडे बघत होता. मग त्यानं डावा हात पुढे केला आणि लॅपटॉप मिटला. सावकाश, शेवटपर्यंत, खट्ट आवाज होईपर्यंत.

संपलं, मला वाटलं. पण तो कॉटकडे वळला नाही. त्यानं टेबलाची कड धरली आणि उठायला लागला. सरूबाई धावली. तिच्या खांद्यावर हात टाकून तो उभा राहिला आणि तिला ढकलायला लागला. न्हाणीघराकडे नाही, कॉटकडे नाही. दाराकडे.

“कुटं निगाला सायेब? आवं, हापिस बंद झालं ना!”

तेव्हा मला आठवलं, आणि इतके दिवस हे आठवलं नव्हतं याची लाज वाटली. प्रत्येक पुस्तक पाठवलं की हा माणूस हेच करायचा. लॅपटॉप मिटायचा, चपला घालायचा आणि तळ्यावर चक्कर मारून यायचा. पुढचे आठ दिवस त्या टेबलाकडे फिरकायचा नाही. मला वाटत होतं त्याला त्या फाईलनं धरून ठेवलंय. काम अर्धवट होतं, म्हणून तो रोज उठत होता. आता ते पुरं झालं होतं आणि त्याला ते कळलं होतं. कळलं होतं!

“त्याला बाहेर जायचंय,” मी म्हटलं.

“बाहीर? तीन मजलं?” आमच्या सोसायटीत लिफ्ट बसवायचा ठराव दरवर्षी होतो, लिफ्ट होत नाही. हॉस्पिटलातून त्याला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं होतं. त्यानंतर तो दाराबाहेर पडलेला नव्हता. “ताई, उतरवू आपन कसंबी. पन परत वर कोन चढवनार? माजी कंबार काय लिप हाय?”

“माहीत नाही.”

“मंग?”

“मला खरंच माहीत नाही, सरूबाई. तू धर त्याला.”

डाव्या पायात चप्पल गेली. उजव्या पायात राहीना, म्हणून तो पाय अनवाणीच. दाराबाहेर आलो. जिन्याचा कठडा नशिबानं डाव्या हाताला होता. त्यानं तो धरला. उजवीकडून सरूबाई, आणि पुढे एक पायरी खाली मी, तोंड त्याच्याकडे करून, पडला तर माझ्या अंगावर पडावा म्हणून. त्यानं काय भागलं असतं, दोघं मिळून घरंगळलो असतो.

पहिल्या वळणापर्यंत आलो आणि तो थांबला. श्वास वर-खाली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता आणि माझेही नव्हते. वर जाणं आता जमणार नव्हतं. खाली अजून कितीतरी जिना होता. मधल्यामधे आम्ही तिघं, एकमेकांना धरून, आणि वर आमच्या घराचं दार सताड उघडं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते म्हणून मी रडणं आवरलं, नाहीतर नसतं आवरलं.

“यशोधन,” मी म्हटलं, “इथेच बसूया का जरा? कुणीतरी येईल. प्रदीपला फोन करते, चार माणसं घेऊन येईल. आता त्याला सगळं माहीत आहे.”

त्यानं मान खाली घातली आणि आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. मग माझ्याकडे. पुन्हा पायाकडे. पुन्हा माझ्याकडे, आता चिडून, एखाद्या मठ्ठ शिकाऊ पोराकडे बघावं तसं.

“सरूबाई, घट्ट धर,” मी म्हटलं.

आणि मी वाकले, त्याचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि खालच्या पायरीवर ठेवला.